थोरलीची पाळी

थोरलीच्या कीबोर्डवर एकही अक्षर उरलेलं नव्हतं. बोटांखाली घासून घासून कोपऱ्यातली एक सोडून सगळ्या कळा काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या आणि तिला त्याचा कोण अभिमान! एखादं नवं गिऱ्हाईक जरा शहाणपणा करायला लागलं की ती उठून आपली खुर्ची त्याला द्यायची. म्हणायची, "बसा ना, तुम्हीच टाइप करा." गिऱ्हाईक त्या कोऱ्या कळांकडे बघत बसायचं, दोनचार ठिकाणी बोट लावायचं आणि मुकाट्याने उठायचं. मग ही बसायची आणि त्याच्या तोंडातून वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत ते पडद्यावर हजर!

धाकटीच्या कीबोर्डवर मात्र प्रत्येक कळेवर ठळक अक्षरांचं स्टिकर. "बालवाडी आली का?" म्हणून थोरली रोज सकाळी तिचं स्वागत करायची, आणि धाकटी म्हणायची, "आले हो बाई. तुमची पाटी कोरी ती कोरीच."

ह्या दोघी जावा. रस्त्यावरच्या एका चिंचोळ्या खोलीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. पुढे टेबल, मागे थोरलीचा नवरा कागद कापायचा आणि पुस्तकं बांधायचा. धाकटीचा नवरा फिरतीवर, त्यामुळे तो ह्या गोष्टीत येत नाही, आणि आला असता तरी ह्या दोघींपुढे त्याचं काय चाललं असतं!

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण थोरली ती मरेपर्यंत सांगणार नव्हती. तिचा उजवा हात दगा द्यायला लागला होता. बोटांना मुंग्या यायच्या, मग ती बधिर व्हायची, आणि कळ दाबली की नाही तेच कळायचं नाही. मराठी टाइप करताना तिचा डावा हात काना-मात्रा-वेलांट्यांचा आणि उजवा अक्षरांचा. डावा हात बिचारा वेळेवर यायचा, उजवा यायचाच नाही. मग पडद्यावर अक्षराशिवायची नुसती वेलांटी, ठिपक्यांच्या एका गोल भोकावर लटकलेली. कुणी बघायच्या आत थोरली ती पुसून टाकायची आणि उगीच खोकायची.

अशात एक दिवस दुकानातल्या दोन कम्प्युटरपैकी एकाने मान टाकली. तो थोरलीचा होता.

"गेला ते बरंच झालं," मागून नवरा म्हणाला. सुरी चालवता चालवता, सहज. "आता तू घरी बस. पुष्कळ केलंस. एका मशीनला धाकटी पुरे आहे."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय त्या डबड्याबरोबर भंगारात जाऊ?" ती म्हणाली. "उद्या तुमची सुरी बोथट झाली तर तुम्हाला घरी बसवू का?" नवऱ्याने पुढचा कागद सुरीखाली घेतला. पण शब्द एकदा कानात गेला तो गेला. त्या रात्री... रात्रीचं जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच तिने उंदीरमामाला बोलावणं धाडलं.

उंदीरमामा म्हणजे कम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याच्या खांद्याच्या झोळीतून कायम चारदोन माउस शेपट्या बाहेर काढून लोंबत असायचे, म्हणून हे नाव. माणूस हुशार, लग्न न झालेला, आणि बाईमाणसाशी बोलताना नजर टेबलाच्या पायाकडे.

"मेलेल्याला जिवंत करता येत नाही," तो टेबलाच्या पायाला म्हणाला. "पण दोन्ही कीबोर्ड एकाच मशीनला लावून देतो. यंत्राला काय, कोण दाबतंय ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कळ दाबली की अक्षर मिळालं, एवढंच त्याला समजतं."

झालं. एक पडदा, समोर दोन खुर्च्या, दोन कीबोर्ड, माउस मधोमध. थोरली हरखली. खुर्ची वाचली! धाकटीने कपाळाला हात लावला.

पहिल्याच दिवशी थोरली 'आदरणीय' लिहायला गेली आणि धाकटी 'पाणी', तर पडद्यावर उमटलं 'आपादरणीणीय'. यंत्र खरंच सरळमार्गी होतं. दोन्हीकडून येणारी अक्षरं ते ज्या क्रमाने यायची त्या क्रमाने एकाच ओळीत लावायचं. मग दोघींनी आपसात ठरवलं की एकीचा हात थांबला की दुसरीने मारायचं. ठरवलं छान, पण दोघीही पट्टीच्या टायपिस्ट. डोळे समोरच्या कागदावर, पडद्याकडे बघायची सवय कुणाला! थोरली शाळेच्या निवृत्ती समारंभाचं पत्रक करत होती आणि धाकटी पाणीपुरवठ्याची सूचना. थोरलीने पान उलटलं की धाकटी घुसायची, धाकटीने चष्मा पुसला की थोरली. छापून, मोजून, गठ्ठा बांधून पत्रकं शाळेत गेलीसुद्धा.

त्यात लिहिलं होतं: "आमचे लाडके मुख्याध्यापक सर प्रदीर्घ सेवेनंतर मुख्य जलवाहिनीतून निवृत्त होत आहेत. सरांनी शाळेला वाहून घेतले, त्यामुळे पुढील दोन दिवस सर कमी दाबाने येतील. नागरिकांनी सरांना उकळून व गाळून घ्यावे आणि त्यांचा साठा जपून वापरावा."

मुख्याध्यापक स्वतः आले. पत्रक टेबलावर ठेवलं, चष्मा वर केला.

"ह्यात एक चूक आहे," ते म्हणाले.

दोघी जावा श्वास रोखून उभ्या.

"कमी दाबाने नव्हे. माझा दाब जास्त आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

एवढं बोलून त्यांनाच हसू आवरेना, म्हणून निभावलं. पत्रकं मात्र पुन्हा छापून द्यावी लागली, आणि मागून नवऱ्याचा आवाज आलाच. "मी म्हणत होतो..."

"म्हणू नका," थोरली म्हणाली. "मामाला बोलवा."

उंदीरमामाने दोन दिवस घरी बसून एक छोटासा प्रोग्राम लिहून आणला. कल्पना सोपी होती. ज्या कीबोर्डवर आधी बोट पडेल, यंत्र त्याला धरून ठेवणार. मग दुसऱ्या कीबोर्डवर कुणी तबला वाजवला तरी अक्षर उमटणार नाही. धरलेल्या कीबोर्डवरचा हात थांबला की यंत्र जरा वाट बघणार आणि मगच त्याला सोडणार. "आणि वाट बघायची नसेल तर ही कोपऱ्यातली एस्केपची कळ. ती दाबली की ताबा लगेच शेजारचीला," मामा म्हणाला. कोण धरून आहे हे कळावं म्हणून त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी ठेवली होती.

थोरलीने एक ओळ टाइप केली. पट्टीवर उमटलं: "पाळी आली: थोरली."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

थोरलीने हात उचलला. जरा वेळाने पट्टी बदलली: "पाळी गेली: थोरली."

"अगं बाई!" धाकटी किंचाळलीच. "ह्याला कुणी सांगितलं?"

"मेल्या," थोरली मामाला म्हणाली, "ती जाऊन वर्षं लोटली, आता त्याची जाहिरात कशाला करतोस?"

मामाला आधी कळेचना. त्याच्या मते पाळी म्हणजे नंबर, रांगेतली पाळी, पाणी भरायची पाळी. मग जेव्हा उजेड पडला तेव्हा तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "बदलतो, आत्ता बदलतो, 'क्रमांक' करतो," म्हणत कीबोर्डकडे झेपावला. पण दोघींनी त्याला हात लावू दिला नाही. हसून हसून धाकटीला डोळे पुसायची वेळ आली. "राहू दे मामा. दुकानात एवढी करमणूक कुठली!" मागे थोरलीचा नवरा ऐकू न आल्यासारखं दाखवून कागद कापत राहिला, आणि त्या दिवशीचा गठ्ठा तिरका कापला गेला.

तर पाळीपाळीने काम सुरू झालं, आणि इथेच थोरलीची खरी पंचाईत झाली. पूर्वी हात अडला तर ती खोकून वेळ मारून न्यायची. आता हात अडला की यंत्र वाट बघायचं आणि भर दुकानात जाहीर करायचं, "पाळी गेली: थोरली." लगेच पलीकडून धाकटी कामाला लागायची. दिवसात असं चारपाचदा झालं तर नवऱ्याच्या लक्षात येणार, आणि मग खुर्चीवर पाणी सोडायचं. घरी बसून करायचं काय? खिडकीतून रस्ता बघायचा? थोरलीला तो विचारसुद्धा सोसवेना.

पण बाई डोकेबाज! तिच्या लक्षात आलं की शिफ्टची कळ नुसती दाबून ठेवली तर अक्षर काही उमटत नाही, पण यंत्राला वाटतं, हात चालू आहे. मग काय विचारता! उजवा हात रुसला की डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरायची आणि उजवा हात मांडीवर चोळत बसायचं. चेहरा असा, जणू मजकुराचा खोल विचार चाललाय. यंत्र बापडं तिची पाळी धरून बसायचं. बोटांत जीव आला की करंगळी सोडायची आणि पुढे टाइप करायचं.

"जाऊबाई, झालं का?" धाकटी विचारायची.

"शब्द शोधतेय."

"कागदावर लिहिलेला शब्द कुठे शोधताय?"

"तुला नाही कळायचं. बालवाडीत आहेस अजून."

धाकटी ओठ मुडपून आपला कागद सरळ करायची. थोरलीला मनातून गुदगुल्या व्हायच्या, आणि तिथेच कुठेतरी टोचायचंही. धाकटी वाईट नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला टायपिंग थोरलीनेच शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारून मारून. पण यंत्र एक आणि बसणाऱ्या दोघी म्हटल्यावर माया जरा बाजूला ठेवावी लागते, असं थोरली स्वतःची समजूत घालायची.

मग एक दिवस तिने पाहिलं, धाकटी बाहेर पायरीवर उंदीरमामाशी कुजबुजत होती. मामा टेबलाचा पाय नसल्यामुळे स्वतःच्या चपलेकडे बघत मान हलवत होता. थोरली दारात येताच दोघं गप्प. मामा आत आला, "जरा तपासणी" म्हणत यंत्रात काहीतरी खुडबुड केली आणि सटकला.

थोरलीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हिने नक्की आपली तक्रार केली. स्वतःची पाळी वाढवून घेतली असणार. त्या दिवसापासून तिने करंगळी आणखी घट्ट दाबायला सुरुवात केली. जरा थांबायचं म्हटलं की शिफ्ट. शिंक आली तरी शिफ्ट. संध्याकाळी डावी करंगळीही ठणकायची, म्हणजे आता दोन्ही हात कामातून गेले!

अशात पलीकडच्या रस्त्यावर बायकांचा नवा दवाखाना उघडला. तिथल्या डॉक्टरीणबाईंना रोजचे अहवाल टाइप करून हवे होते. कायमचं काम. पण बाई करड्या. त्या म्हणाल्या, "मी स्वतः येऊन तोंडी सांगेन, पडद्यावर कसं उतरतं ते बघेन, मग ठरवू. मला थांबलेलं चालत नाही."

नवऱ्याने ही बातमी आणली आणि वर म्हणाला, "धाकटी बसेल."

"मी बसणार," थोरली म्हणाली.

"अगं, पण..."

"पण काय? ह्या दुकानात सांगितलेलं उतरवून घ्यायला माझ्याइतका पटाईत हात कुणाचा आहे? नसेल जमलं तर तुम्ही म्हणता तशी घरी बसेन. पुन्हा ह्या खुर्चीचं नाव काढणार नाही." बोलून गेली आणि मग जीभ चावली. पण धाकटीच्या देखत शब्द परत कसा घ्यायचा! धाकटी नुसतं म्हणाली, "मी बाजूला बसते. कागद लागला तर देईन."

डॉक्टरीणबाई आल्या, थेट थोरलीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. पट्टीवर "पाळी आली: थोरली" उमटलं. त्यांनी एक भुवई वर केली, पण बोलायचं थांबवलं नाही. आणि थोरली काय सुटली म्हणून सांगू! जुने दिवस परत आले. बाई श्वास घ्यायला थांबायच्या तेव्हा ही आधीच तिथे पोचून उभी. मागे सुरीचा आवाज थांबला होता. नवरा कान देऊन ऐकत होता.

"पोटात वारंवार दुखणे, अशक्तपणा, रक्तक्षय," बाई म्हणाल्या.

'रक्तक्षय'पाशी थोरली आली आणि उजव्या हाताने दगा दिला. 'र' आला. पुढे काही नाही. तिने जोर करून दाबलं, काही कळेना दाबलं गेलं की नाही. करंगळी आपोआप शिफ्टवर गेली. घट्ट. मांडीवर हात चोळायचा तर बाई मागे उभ्या. कपाळावर घाम. पडद्यावर तो एकटा 'र' आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी उभी रेघ.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या.

थोरलीने बाजूला पाहिलं. धाकटीचे दोन्ही हात आपल्या कीबोर्डवर तयार होते. स्टिकरवाल्या कळांवर बोटं टेकवून ती बसली होती, नुसती वाट बघत. पण थोरलीने धरून ठेवलंय तोवर तिच्या हातांना काही किंमत नव्हती. धाकटी अगदी हळू म्हणाली, "सोडा, जाऊबाई."

सोडा म्हणे! सोडलं की गेली. पट्टी ओरडून सांगणार, मागून नवरा बघणार. पण काम हातचं गेलं तर धाकटीचीही खुर्ची काय राहणार होती? तिने करंगळी उचलली.

आणि काहीच झालं नाही. पट्टीवर तेच: "पाळी आली: थोरली." ती थांबली. यंत्र थांबलं. एरवी एवढ्यात केव्हाच गेली असती! आज ही अवदसा जाईना का? बाईंनी मागून पाय आपटला. तेव्हा थोरलीने डावा हात लांब केला आणि कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबली. एवढ्या महिन्यांत तिने ती पहिल्यांदा दाबली. साऱ्या कीबोर्डवर तेवढ्याच एका कळेवरची अक्षरं शाबूत होती.

"पाळी गेली: थोरली." "पाळी आली: धाकटी."

'क्तक्षय' धाडकन पुढे आलं. मागोमाग सगळं वाक्य. थोरलीने हात मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. संपलं, तिला वाटलं. तेवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. धाकटीने आपली एस्केप दाबली होती. "पाळी आली: थोरली." धाकटी शांतपणे हात मागे घेऊन छताकडे बघत बसली होती.

मग काय! बोटांत जीव असेल तोवर थोरली, अडलं की एस्केप, धाकटी. धाकटीने वाक्य संपवलं की एस्केप, थोरली. डॉक्टरीणबाईंचा अहवाल अखंड वाहत होता, आणि कोपऱ्यात पट्टी वेड्यासारखी उमटत होती. पाळी आली, पाळी गेली, पाळी आली, पाळी गेली.

शेवटी बाईच थांबल्या. "मजकूर चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण ही थोरली कोण? हिला आधी माझ्याकडे पाठवा. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असा प्रकार बघितला नाही."

धाकटी टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. थोरली हसली आणि रडलीही. उजवा हात पुढे करून म्हणाली, "थोरली मी. आणि बिघडलंय ते हे." नवरा मागून पुढे आला होता. हातात सुरी तशीच. तो त्या हाताकडे बघत राहिला, आणि 'मी म्हणत होतो' असं काही म्हणाला नाही.

"काम तुम्हा दोघींना," बाई निघताना म्हणाल्या. "एकीला देणार नाही. आणि तो हात घेऊन उद्या या."

बाई गेल्या. थोरली पट्टीकडे बघत म्हणाली, "पण मी करंगळी सोडली तेव्हा पाळी गेली का नाही गं? मशीन बिघडलं का?"

धाकटी आपल्या कीबोर्डवरची धूळ पुसत होती. थोरलीचा कीबोर्डही तीच पुसायची, दर आठवड्याला, दुकान उघडायच्या आधी. "बिघडलं नाही," ती म्हणाली. "तुमची शिफ्ट पुसताना हाताला लागली मला. खोलगट झालीय, वाटीसारखी. आणि ठिपक्यांच्या भोकावरच्या वेलांट्या मला काय दिसत नव्हत्या? म्हणून मामाला पायरीवर गाठला. म्हटलं, जाऊबाईंची पाळी लांबव. त्या थांबल्या तरी पुष्कळ वेळ सोडू नकोस. माझी आहे तेवढीच असू दे."

थोरलीने आपल्या शिफ्टवर बोट ठेवलं.

"म्हणजे मी शिफ्ट दाबायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"अगं सटवे!" थोरली ओरडली आणि धाकटीला बधिर हातानेच जवळ ओढलं. "आधी सांगायचं नाही? माझी करंगळी मोडायची वेळ आली ना गं!"